मुलांची सोय

"मुलांची सोय झालीय, बाई," हेडक्लार्क दारातूनच म्हणाला. "टेम्पो निघालाय तिकडून. येतीलच आता पोरं."

मोठ्या बाई सभागृहात उभ्या होत्या. विद्यार्थिनी फळ्यावर स्वागताची अक्षरं रंगवत होत्या, त्यातल्या एकीची चूक त्या दाखवत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "सोय म्हणजे?"

"म्हणजे आणवलीत. रुळांपलीकडच्या वस्तीतनं. आया कामावर गेलेल्या असतात, पोरं नुसती हुंदडत असतात दिवसभर. गणवेश पलीकडच्या शाळेतनं मागून आणलेत. मापानं चढवायचे आणि संध्याकाळी परत करायचे. डाग तेवढा पडू देऊ नका म्हणालेत."

खुर्च्या आणि सतरंज्या भाड्यानं आणाव्यात तशी मुलं आणली होती. वर हेडक्लार्कचा चेहरा शाबासकी मागत होता. मोठ्या बाई काहीच बोलल्या नाहीत. गेलं वर्षभर त्यांची हीच गत झाली होती. एखादी गोष्ट इतकी घाणेरडी असायची की तिला उत्तर देण्यासाठी तोंड उघडायचीसुद्धा शिसारी यायची.

कॉलेज बालवाडीच्या शिक्षिका तयार करायचं. मोठ्या बाई तिथे विभागप्रमुख होत्या. केस काळे होते तेव्हा आल्या आणि पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या. पूर्वी इमारतीच्या मागे कॉलेजची स्वतःची बालवाडी होती. दोनच खोल्या, पण वाळूचा हौद होता, आणि तीन वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर नळ होते. बाईंच्या नवऱ्याला सुतारकामाचा नाद. त्यानं सुट्ट्यांमध्ये बसून तिथल्या मुलांसाठी लाकडी ठोकळे घासून दिले होते. कॉलेजच्या मुली रोज सकाळी त्या खोल्यांत जायच्या, मुलांची बटणं लावायच्या, भांडणं सोडवायच्या, आणि मग वर्गात येऊन शिकायच्या.

गेल्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांना सभागृह हवंसं वाटलं. बालवाडी पाडली. हौदावर फरशी घालून गाड्या लावायची जागा केली. ठोकळे काचेच्या कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं, किल्ली प्राचार्यांकडे. आता मुली एकमेकींनाच शिकवायच्या. एक शिक्षिका व्हायची, बाकीच्या मूल व्हायच्या. केसांना रिबिनी बांधून, ओठांचा चंबू करून एखादी म्हणायची, "बाई, बाई, मला शू आली," आणि सगळा वर्ग खिदळायचा. त्यावर त्यांना गुण मिळायचे. ते गुण मोठ्या बाईच द्यायच्या.

आज पाहणी समिती यायची होती. तिच्या शेऱ्यावर कॉलेजची मान्यता अवलंबून होती.

"नवी बाई कुठेय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"स्टाफरूममध्ये. तोंड एवढं करून बसल्यात," हेडक्लार्क म्हणाला. "प्रात्यक्षिक पाठ त्यांनाच द्यायचाय ना. जरा हसायला सांगा त्यांना."

नवी बाई येऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. तिला आणलं होतं मोठ्या बाईंनी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बालवाडीत ती शिकवत होती. शिकलेली भरपूर होती. कुठल्याही कॉलेजात सहज खपली असती. मोठ्या बाई तिला पहिल्यांदा बघायला गेल्या, तेव्हा ती जमिनीवर पालथी पडली होती. समोर टेबलाखाली एक मुलगा दडून बसलेला, सकाळपासून दोघांना चावलेला. ती त्याला काही समजावत नव्हती. त्याच्यासारखीच पालथी पडून फरशीवरच्या मुंग्या बघत होती. बऱ्याच वेळानं मुलगा म्हणाला, "ही मेली." नवी बाई म्हणाली, "नाही रे, दमलीय." मग दोघं मिळून त्या मुंगीची वाट बघत पडून राहिली.

मोठ्या बाईंनी तिथेच ठरवलं होतं. ही हवी.

तिनं दोनदा नकार दिला. "मी तिथे येऊन काय करू, बाई? भाषणं ठोकू?"

"भाषणं मी ठोकते. तू मुलांत बस. माझ्या मुली तुझ्या शेजारी बसतील."

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं होतं, "लग्न झालंय? मग पाळणा कधी हलणार? आम्हाला रजेवर जाणाऱ्या बायका नकोत." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले होते. अध्यक्षांची भाचीही त्याच जागेसाठी आली होती. मोठ्या बाई अडून बसल्या. बाहेरून आलेले तज्ज्ञ सारा वेळ पेंगत होते. त्यांनी नेमके जागे होऊन बाईंच्या बाजूनं कौल दिला, म्हणून ते जमलं.

तशी नवी बाई काही गुणाची पुतळी नव्हती. उशिरा यायची. टाचणवही कधी लिहायची नाही. प्राचार्यांशी तिचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं, आणि मग मोठ्या बाई दोघांकडे जाऊन मलमपट्टी करायच्या. पण तिच्या हाताखालच्या मुली पुढे जिथे जिथे गेल्या, तिथून लोक पुन्हा विचारत यायचे, तुमच्याकडची आणखी एखादी मिळेल का. बालवाडी पाडली त्या दिवसापासून मात्र ती आटत गेली. पुस्तकातून 'पाण्याशी खेळ: उद्दिष्टे व कृती' शिकवायची आणि घंटा झाली की उठायची. हल्ली ती वेळेवर यायला लागली होती. मोठ्या बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

टेम्पो आला. दोरीला धरून उभी राहिलेली मुलं खाली उतरवली गेली. कुणाच्या गालावर काजळ ओघळलेलं, कुणी झोपेतून उचलून आणलेलं. शेवटच्या वर्षाच्या मुलींनी त्यांना गणवेश चढवले. मोठी मापं मागून टाचण्या लावून आवळली. मग सतरंजीवर रांगेत बसवलं.

समितीच्या गाड्यांचा पत्ता नव्हता. प्राचार्य दरवाज्यापासून सभागृहापर्यंत येरझाऱ्या घालत होते. एक मुलगा उठला. "कुठे निघाला? बसवा त्याला!" ते ओरडले. "रांग मोडायची नाही. समिती कुठल्याही क्षणी येईल."

"त्याला शू लागली असेल, सर," नवी बाई म्हणाली.

"समितीसाठी संडास धुवून ठेवलेत. आता तिथे कुणी जायचं नाही."

"मग मुलांनी कुठे जायचं?"

"मॅडम, थोडा वेळ धरवत नाही का पोरांना? आपण नाही का धरत?"

नवी बाई त्या मुलाला उचलून घेऊन मागच्या झाडांकडे गेली. ती तिकडे असतानाच इकडे रांगेच्या टोकाची मुलगी बसल्या जागी मुतली. ती रडली नाही, ओरडली नाही. आपल्या मांडीखालून पसरत जाणाऱ्या ओलीकडे ती फक्त बघत राहिली आणि मग वर, भोवती उभ्या असलेल्या तायांकडे.

ताया मागे सरकल्या.

मोठ्या बाईंनी ते दारातून पाहिलं. कडक इस्त्रीचे कपडे घातलेल्या, शेवटच्या परीक्षेला बसलेल्या मुली. पुढच्या महिन्यात यांच्या हवाली पन्नास घरांतली पोरं होणार होती. एकीनं नाकाला रुमाल लावला. दुसरीनं साडी वर उचलून धरली आणि "ई, शी!" केलं. तिसरी, जिला 'मुलांच्या शारीरिक गरजा' या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण होते, ती म्हणाली, "मावशींना बोलवा ना कुणीतरी, वास मारतोय."

बाईंना शिसारी आली. त्या वासानं नव्हे. असले वास त्यांनी जन्मभर हातांनी पुसले होते. ती त्या मुलींना बघून आली. 'ह्या मी घडवल्या,' त्या मनाशी म्हणाल्या, 'ह्यांच्या गुणपत्रकांवर सही माझी.'

त्यांनी मुलीला उचललं आणि बाहेर बागेच्या नळावर नेलं. गणवेश उतरवला, तिला धुतलं. पुसायला काही मिळेना, तेव्हा परत आल्या आणि व्यासपीठावरच्या टेबलाचा पांढरा कपडा ओढून काढला. फुलदाणी आडवी झाली.

"मॅडम! अहो मॅडम, हे काय करताय?" प्राचार्य धावत आले. "तो पाहुण्यांच्या टेबलावरचा आहे!"

"पाहुणीसाठीच घेतेय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि मुलीला त्यात गुंडाळलं.

तेवढ्यात फाटकात गाड्या वाजल्या, म्हणून पुढचं बोलणं राहिलं.

समिती आली. तीन माणसं. प्रमुख गृहस्थ जाडजूड, काडीनं दात कोरतच गाडीतून उतरलेले. दुसरा सतत फोनवर. तिसऱ्या बाई होत्या, त्यांनी काचेच्या कपाटातले ठोकळे पाहिले आणि "वा, किती छान ठेवलेत, अगदी नव्यासारखे!" म्हणाल्या. नव्या बाईनं पाठ घेतला. कधी न भेटलेल्या, भुकेजलेल्या मुलांपुढे तिनं चिमणीची गोष्ट सांगितली. दोन मुलं झोपली. बाकीची तोंड उघडं टाकून ऐकत राहिली, कारण तिला गोष्ट सांगता येतच होती. प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलांचे फोटो काढले गेले.

फोटो होताच हेडक्लार्कनं गणवेश उतरवून घ्यायला लावले. मुलांना बिस्किटं त्यानंतर दिली. चुरा पडायला नको म्हणून.

मग प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्रमुखांनी कागदावरचा प्रश्न वाचला. "नवीन अध्यापकांना टिकवण्यासाठी, त्यांना बळ देण्यासाठी संस्था काय करते?" प्राचार्यांनी मोठ्या बाईंकडे हात केला. काय बोलायचं ते आठवडाभर आधी ठरलं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "काही नाही करत."

प्रमुखांनी कागदावरून मान वर केली.

"मी एक चांगली शिक्षिका शोधून आणली होती. तिला मुलं हवी होती, बाकी काही नको होतं. आम्ही बालवाडी पाडली. आज तुम्ही पाहिलीत ती मुलं आमची नाहीत. टेम्पोतून आणलीत. आमच्या विद्यार्थिनींनी वर्षभरात एकाही मुलाचं नाक पुसलेलं नाही."

आता काय होईल ते होवो, असं त्यांना वाटलं. मान्यता जाईल, नोकरी जाईल, पण काहीतरी फुटेल तरी.

प्रमुख मागे टेकले. हसले. "मॅडम, आमच्या डोळ्यांवर काय पट्टी आहे होय? अहो, गणवेशाच्या खिशावर दुसऱ्या शाळेचं नाव होतं. आम्ही तीस कॉलेजं फिरतो. सगळीकडे हेच. एका ठिकाणी तर मुलांच्या जागी पाचवीतली पोरं बसवलेली. निदान तुमची पोरं वयानं तरी बरोबर होती!" फोनवाला हसला. प्राचार्यांचा अडकलेला श्वास सुटला आणि तेही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. तिसऱ्या बाई आपली नखं न्याहाळत होत्या. "तुमची तळमळ पोचली हं आम्हाला. नोंद करू आपण. आता उठायचं का? जेवण गार होतंय म्हणे."

मोठ्या बाई एकट्याच खोलीत राहिल्या. पलीकडून ताटं मांडल्याचे आवाज येत होते. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्यांना परवडलं असतं. ह्या माणसानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि ढेकर द्यावा तसं बाहेर टाकलं होतं.

स्टाफरूममध्ये नवी बाई तिचा खण रिकामा करत होती.

"मी जातेय, बाई. जुन्या बालवाडीत जागा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं होतं, मी लांबवत होते."

तिला थांबवणं हे मोठ्या बाईंचं कामच होतं. चार गोड शब्द त्यांना पाठ होते. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "जा. आजच जा. माझ्या तोंडाकडे बघून थांबू नकोस."

"तुमच्यावर राग नाही असं म्हणायला हवं मी आता," नवी बाई म्हणाली. "पण आहे. खोटं कशाला बोलू? पाडताना तुम्ही आडवं पडायला हवं होतं."

"हं."

"आत तुम्ही बोललात ते ऐकलं मी. सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. पण उशीर झाला, बाई." तिनं पिशवी खांद्याला लावली. दारात थांबली, परत आली, वाकून मोठ्या बाईंना घट्ट मिठी मारली आणि गेली.

घरी नवऱ्यानं ताट वाढलं. मोठ्या बाईंनी दोन घास कसेबसे गिळले आणि ताट सरकवलं.

"एवढं झोंबतंय तर सोड ना ती नोकरी," तो म्हणाला.

"सोडून काय करू? तुमच्यासारखी स्टुलं ठोकत बसू?"

"बस की. निदान स्टूल डुगडुगलं तर लगेच कळतं. वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही."

त्यांना हसू आलं नाही. पण त्यांनी ताट पुन्हा ओढून घेतलं.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. फाटकावर मोठा फलक लागला. त्यावर मुलांचा फोटो होता आणि खिशावरचं नाव हुशारीनं पुसलेलं होतं. मोठ्या बाई रोज सकाळी त्याखालून मान खाली घालून आत जायच्या. प्राचार्यांनी त्यांना एका शब्दानंही हटकलं नाही. उलट भेटले की "काय मॅडम, बरंय ना?" म्हणायचे. रागावण्याएवढी किंमतही बाईंना उरली नव्हती.

नव्या बाईच्या जागेसाठी मुलाखती झाल्या, त्या मोठ्या बाईंना कळल्या तेव्हा होऊन गेल्या होत्या. अध्यक्षांची भाची लागली. प्राचार्य तिला घेऊन आले. "मॅडम, ही आता तुमच्याच पदरात. जरा सांभाळून घ्या."

उंच टाचांचे सँडल, करकरीत कपडे, छातीशी घट्ट धरलेली फाइल. मोठ्या बाईंनी तिला वेळापत्रक दिलं आणि "काही लागलं तर सांगा," एवढं बोलून मान खाली घातली. काही लागलं तरी द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. वशिल्यानं आलीय, वशिल्यानं निभावेल.

ती निभावत नव्हती. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना तिचा वर्ग ऐकायच्या. मुलींचा कलकलाट आणि त्यात तिचा टिपणं वाचणारा कापरा आवाज. एकदा त्या खांबाआड थांबून ऐकत राहिल्या. आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. पोरगी बुडतेय आणि आपल्याला मजा वाटतेय. तेव्हा त्यांना स्वतःचाही वीट आला. त्या तिथून निघून गेल्या, पण मदतीला काही गेल्या नाहीत.

दुपारी भाची त्यांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"आज वर्गात एकीनं विचारलं, पहिल्या दिवशी मूल आईचा हात सोडतच नसेल तर काय करायचं. मी पुस्तकातलं सांगितलं. तर ती म्हणाली, तुम्ही केलंय का असं कधी? आणि सगळ्या हसल्या." ती बोटातली अंगठी फिरवत होती. "मी कधीच नाही केलेलं, बाई. मी मुलांना घेतलेलंच नाही कधी. घरात मीच सगळ्यांत धाकटी. मामांना म्हटलं होतं मी, मला नाही जमायचं. ते म्हणाले, त्यात काय आहे, लहान पोरंच तर आहेत."

मोठ्या बाईंनी समोरची वही मिटली.

"मला वाटलं, इथे आल्यावर मुलं दिसतील. मी रोज बघते. मागेही जाऊन आले. तिथे नुसत्या गाड्याच आहेत." तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "इथली मुलं कुठे असतात, बाई?"

मोठ्या बाईंच्या ओठांवर एक विखारी उत्तर तयार होतं. महिनाभर ते त्यांनी हिच्यासाठीच राखून ठेवलं होतं. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"दुसऱ्या चपला आहेत का तुझ्याकडे?"

"नाही. का?"

"मग हे सँडल हातात घे. रूळ ओलांडून जायचंय."

वस्तीत दुपारची शांतता होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाच-सहा मुलं मातीत खड्डा उकरत बसली होती. "बस," मोठ्या बाई म्हणाल्या. भाचीनं इकडेतिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं. ती मातीतच बसली, अवघडून, गुडघे जुळवून.

"काय बोलू?" तिनं हळूच विचारलं.

"काही बोलू नकोस."

मुलांनी आधी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मग एक पोरगा उठला. वरच्या ओठापर्यंत नाक आलेलं, हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. तो तिच्यासमोर उभा राहून बराच वेळ तिला बघत होता. मग कंटाळला असावा. सरळ तिच्या मांडीत बसला आणि तिच्या करकरीत बाहीवर तोंड घासून मोकळा झाला.

तिच्या चेहऱ्यावर किळस उमटली. लपवताही आली नाही तिला. तिनं दोन्ही हात हवेत उचलून धरले, श्वास रोखला आणि मोठ्या बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाई जागच्या हलल्या नाहीत. टाकीला टेकून त्या उभ्या राहिल्या.

पोरगा मांडीत सरसावून बसला आणि खड्ड्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागला. भाचीचे हात अजून हवेतच होते. बऱ्याच वेळानं त्यातला एक खाली आला.